मामाजींची डिस्क आणि मी काढलेली ओळ

माझ्या मामाजींना नाही म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही. आईला जमत नाही, कारण ते तिचे थोरले भाऊ. मला जमत नाही, कारण पाचवी ते सातवी मी त्यांच्याच घरी राहून त्यांच्याच वर्गात शिकले, आणि त्यांच्या हाकेला मी अजूनही आपोआप उभी राहते. ते नवेगाव बांधला शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाचे सचिव झाले आणि तेव्हापासून त्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी गोंदियात घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. मामाजींच्या लेखी याचा अर्थ एवढाच की मी दिवसभर घरी असते आणि मला कम्प्युटर येतो.

एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"वाचनालयाले चौदा कम्प्युटर आले. जुने हाएत, पण चालतेत. तू येऊन लावून दे."

"मामाजी, मला काम आहे."

"हे बी कामच हाय न वं. कायले नाई मनतेस?"

शुक्रवारी मी एसटीत होते. मांडीवर लॅपटॉप, पिशवीत चार पेन ड्राइव्ह आणि आईने भावासाठी दिलेला अनारशांचा डबा.

कुठलंसं कार्यालय बंद झालं होतं, तिथले ते कम्प्युटर. प्रत्येकाच्या डिस्कवर जुना सरकारी पसारा. तो पुसायचा, डिस्कचे नव्याने भाग पाडायचे, एका भागात मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घालायची आणि दुसरा मुलांच्या फायलींसाठी ठेवायचा. चौदा वेळा तेच ते हाताने करण्यापेक्षा प्रोग्रॅम लिहावा, असं मला वाटलं. डिस्कचे भाग पाडण्यासाठी, म्हणजे पार्टिशनसाठी, एक तयार सॉफ्टवेअर लायब्ररी मिळते. आपण चार ओळी लिहायच्या, बाकीचं ती करते, असं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. मी ते खरं मानलं.

"वाचनालयासाठी लायब्ररी?" मामाजींनी विचारलं. "आपल्याकडे हाय न एक."

त्यांना पार्टिशन समजावताना मला धानाच्या शेतातल्या बांध्या आठवल्या. डिस्क म्हणजे अख्खं वावर, पार्टिशन म्हणजे त्यातल्या बांध्या, आणि बांध्या कुठून कुठवर ते धुऱ्यांवरून, म्हणजे मधल्या मातीच्या बांधांवरून, कळतं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला या धुऱ्यांचा एक छोटा नकाशा असतो. बांधीच्या आत धान कोणत्या ओळीत लावलंय याची व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. मामाजींना ते लगेच पटलं. मला लायब्ररी समजायला मात्र तीन दिवस लागले.

तिला आकार सांगायचा तर जीबीत सांगून चालत नाही. डिस्क बारीक बारीक खणांत विभागलेली असते, त्या खणांना सेक्टर म्हणतात, आणि सगळा हिशेब त्या सेक्टरांत. ठीक. मी गुणाकार-भागाकार लिहिले. मग कळलं, तुम्ही भाग पाडलेत तरी ते खरोखर पडत नाहीत. ते लायब्ररीच्या मनात पडतात. कमिट नावाची आज्ञा दिली की मगच डिस्कवर उतरतात. हेही ठीक, उलट शहाणपणाचं. मग मी सांगितलं की या भागात अमुक जातीची फाइल सिस्टीम हवी. तिने हो म्हटलं. चूक दाखवली नाही. कम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहते तर भागात काहीच नाही. दोन तास शोधल्यावर समजलं की फाइल सिस्टीमचं नाव सांगितलं की ती फक्त नकाशावर तसं लिहून ठेवते; फाइल सिस्टीम बनवणं तिचं काम नाही. बांधीवर 'चिन्नोर धान' अशी पाटी लावायची आणि परहे, म्हणजे त्याची रोपं, मात्र आपणच आणून रोवायची. मग हो म्हटलंस कशाला, बाई?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक एरर. कमिट केलं की मध्येच यायची: बदल डिस्कवर लिहिले गेले आहेत, पण ऑपरेटिंग सिस्टीमला ते कळवता आले नाहीत, डिस्क बहुधा वापरात आहे. आणि प्रोग्रॅम तिथेच थांबायचा. कोण वापरतंय? खोलीत मी, मामाजी आणि कपाटावरची पाल. शेवटी सापडलं की पेन ड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम आपल्याच हौसेने समोर दिसेल ती डिस्क उघडून बसते. मग मी कम्प्युटरच्या आतली डिस्क आधी बंद करायच्या दोन ओळी घातल्या आणि पुढे गेले.

सुरुवातीला माझा प्रोग्रॅम पुसण्याआधी विचारायचा: ही डिस्क, एवढी मोठी, अमक्या बनावटीची, पुसू का? चौथ्या कम्प्युटरपर्यंत मला त्या प्रश्नाचा वीट आला. दरवेळी तीच डिस्क, तेच उत्तर. शिवाय दर तासाला वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून. त्या तिरीमिरीत मी तो प्रश्न विचारणारी ओळ काढून टाकली. त्याऐवजी लिहिलं, जी डिस्क पहिली सापडेल ती घे. आतमध्ये एकच तर डिस्क होती.

आता मामाजींच्या डिस्कबद्दल सांगायला हवं.

काळी, पुस्तकाएवढी, जाड बाहेरची डिस्क होती ती. दहा-बारा वर्षं मामाजी तलावाकाठच्या मासेमार ढिवर म्हाताऱ्यांच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायांच्या अंगणात जाऊन बसायचे आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचे. तलावातल्या माशांची नावं, कोणता कुठल्या महिन्यात कुठे सापडतो, जाळं विणताना गाठीला काय म्हणतात, धानाचे जुने वाण, रोवण्याची गाणी. त्यांना त्याचं पुस्तक करायचं होतं, पण उतरवून घेणं कधी संपलंच नाही. सगळं त्या एका डिस्कवर. दुसरी प्रत काढा असं मी निदान सहा वेळा सांगितलं होतं. "काढीन न," असं त्यांनी निदान सहा वेळा म्हटलं होतं.

सोमवारी दुपारी नऊ कम्प्युटर झाले होते. मामींचा जेवायला निरोप आला. मी निघताना मामाजींना म्हटलं, "वीज आली तर दहाव्याला पेन ड्राइव्ह लावून बटन दाबा फक्त. बाकी कशाला हात लावू नका."

मी भात कालवत होते तेव्हा मामाजी दारात आले. चपला न काढता आत आले, तिथेच मला समजलं.

"काहीतरी लाल लाल लिवून आलं," ते म्हणाले.

"येऊ द्या. मी बघते."

"मी आपली डिस्क लावली होती त्याले."

मी ताट बाजूला सारलं. "काऊन?"

"तुयं झालं का लगेच फायली टाकून ठेवाव मनलं. तुयाच येळ वाचवून राहिलो होतो."

आम्ही धावत गेलो. म्हणजे मी धावले; मामाजी मागून आले. दहाव्या कम्प्युटरच्या पडद्यावर माझी ओळखीची एरर होती: बदल लिहिले गेले आहेत, पण कळवता आले नाहीत, डिस्क वापरात आहे. कम्प्युटर सुरू होताना बाहेरची डिस्क लावलेली होती, म्हणून त्याला ती पहिली सापडली. माझ्या प्रोग्रॅमने तिचा नकाशा पुसला, नवा लिहिला आणि या एररवर अडकला. फाइल सिस्टीम बनवायची पायरी त्याच्या पुढची होती. ज्या एररला मी तीन दिवस शिव्या घालत होते, तिनेच पुढचं सगळं थांबवलं होतं. माझ्या जिवात थोडा जीव आला. डिस्क अजून वापरात आहे याचा अर्थ जुना नकाशा सिस्टीमच्या डोक्यात अजून शाबूत आहे. आत्ताच्या आत्ता तो वाचून घेतला की झालं.

मी डिस्ककडे पाहिलं. तिची वायर बाजूला पडली होती.

"वायर कुणी काढली?"

"मीच. जळून रायली असन तं थांबन मनून."

"मामाजी! हात लावू नका म्हणलं होतं न!"

"लावू नोको मनलं, काढू नोको नाई मनलं."

मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. वायर काढली त्या क्षणी जुना नकाशा सिस्टीमच्या डोक्यातूनही गेला. पुन्हा लावल्यावर तिने नवा, माझा नकाशा वाचला: एक मोठा रिकामा भाग, आत काही नाही. मामाजी खिडकीपाशी उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "गेलं का सारं?"

"धान तसंच आहे. धुरे मोडले."

"मंग धुरे बांध."

ते इतक्या सहज म्हणाले की मला आणखीच राग आला.

डिस्क गोंदियाला न्यायची ठरली. मामाजी म्हणाले, "डिस्क माही हाय, मी बी येतो." एसटीत ती त्यांनी दस्तीत, आपल्या मोठ्या रुमालात, गुंडाळून मांडीवर धरली होती. कोहमाऱ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. पुढे त्यांनी एक अनारसा काढून दिला, आईचाच, आणि मी तो घेतला.

मंगळवारी सकाळी आधी बाजारातल्या कम्प्युटरवाल्याकडे गेलो, कारण मामाजींना दुसरं मत हवं होतं. त्याने डिस्क लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, इसमें तो कुछ दिख ही नहीं रहा. पूरा खाली है. नयी ले लो." मामाजींनी त्याच्या हातातून डिस्क काढून घेतली. माझ्यावरचा त्यांचा विश्वास त्यामुळे थोडा वाढला असावा.

घरी मी आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढायला लावली, म्हणजे जे काही बिघडवायचं ते नकलेत बिघडवता येईल. त्यात दुपार झाली. मामाजी समोरच्या पलंगावर बसून होते. दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, "कुठवर आलं?" मी आकडा सांगायची. ते तो आकडा आत आईला नेऊन सांगायचे, जणू क्रिकेटचा स्कोअर.

नक्कल झाली. हरवलेले भाग शोधून देणारी तयार साधनं असतात, तीही चालवली. त्यांनी तीन वेगवेगळे जुने नकाशे समोर ठेवले, त्यातला एकही उघडला नाही. मग मी डिस्कचे सुरुवातीचे सेक्टर कच्चे, म्हणजे आहेत तसे, वाचायला घेतले. प्रत्येक फाइल सिस्टीम आपल्या पहिल्या सेक्टरमध्ये आपली एक खूण ठेवते. ती खूण मला त्रेसष्टाव्या सेक्टरवर सापडली. पूर्वीच्या डिस्कवर पहिला भाग त्रेसष्टपासूनच सुरू व्हायचा, आणि ही डिस्क तशी जुनीच होती. मी अक्षरशः टाळी वाजवली. मामाजी उठून उभे राहिले.

तीच लायब्ररी घेतली. तिला सांगितलं, त्रेसष्टपासून शेवटपर्यंत एक भाग पाड. कमिट. कसलीही तक्रार नाही, एरर नाही. भाग उघडायला गेले: इथे ओळखीची फाइल सिस्टीम नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटचा सेक्टर बदलून पाहिला. नकाशाची जात बदलून पाहिली. तेच. संध्याकाळी मी मान्य केलं की त्रेसष्टवरची खूण बहुतेक त्याआधीच्या कुठल्यातरी वेळची, शिळी असणार. मामाजींना तसं सांगितलं. ते जेवले नाहीत. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "तुझ्यानं होणार नसेल तर आत्ताच सांग त्यांना." मी म्हटलं, "माझ्यानंच झालंय ते." आईला त्याचा अर्थ लागला नाही आणि मी समजावूनही सांगितला नाही.

बुधवारी सकाळी चहा पिता पिता, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, मी लायब्ररीलाच विचारलं: तू काल जो भाग पाडलास तो नेमका कुठून सुरू होतो, सांग.

तिने सांगितलं, दोन हजार अठ्ठेचाळीस.

मी आकडा पुन्हा वाचला. मग माझी कालची ओळ वाचली. त्रेसष्ट. नव्या डिस्कना भाग ठरावीक टप्प्यांवर सुरू झालेले मानवतात, त्यामुळे त्या वेगाने चालतात. म्हणून या लायब्ररीने माझ्या भल्यासाठी त्रेसष्टचे दोन हजार अठ्ठेचाळीस केले होते. दर वेळी. आणि एका शब्दाने मला सांगितलं नव्हतं. मी अख्खा दिवस योग्य दार ठोठावत होते आणि ही बया मला गुपचूप हात धरून दोन हजार घरं पुढे नेऊन उभी करत होती.

"काय झालं?" मामाजींनी विचारलं, कारण मी कप आदळला होता.

"मी एक सांगते, ही दुसरंच करते. वरून सांगतही नाही!"

मामाजी म्हणाले, "मंग तिले नीट सांग न."

नीट सांगायची पद्धत होती. एक वेगळी अट द्यावी लागते: मी म्हणते तोच आकडा, इकडे नाही आणि तिकडे नाही. ती अट लिहिली. कमिट केलं. या वेळी आधी विचारून घेतलं, कुठून सुरू होतो? त्रेसष्ट. भाग उघडला.

आत फोल्डर होते. गावांची नावं, वर्षं, मामाजींनी आपल्या पद्धतीने दिलेले क्रमांक. त्यांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "लाव न एखादं," ते म्हणाले. मी हाताला आलं ते लावलं.

आधी कोंबड्यांचा आवाज. मग मामाजींचा, तरुणपणीचा नाही पण बराच टणक: "मंग आजी, मरळ झाली, दाडक झालं, शिंगटा झाला. अखीन?" म्हातारीचा आवाज: "बोटरी." "अखीन?" "आता का समदा तलाव उपसतेस का रे मास्तर? सकारपासून इचारून राह्यला. जेवू दे न मले!"

आई दारातून हसली. मीही हसले, त्या म्हातारीबद्दल मला एवढी आपुलकी वाटली की काय सांगू. मामाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याच साली गेली ते. मी पुन्हा गेलो तं घर बंद होतं." मग त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आजी पुन्हा चिडली. मामाजी डोळे पुसायला म्हणून अंगणात गेले, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते मामींना फोन करायला गेले होते, आणि रेकॉर्डिंग सापडल्याचं श्रेय फोनवर त्यांनी "पोरीनं आन मी" असं निम्मं निम्मं वाटलं.

ते परत आल्यावर मी सांगून टाकलं. वायर काढल्याबद्दल मी त्यांना इतकं बोलले होते, तर निदान हे तरी. मी म्हटलं, "मामाजी, पुसण्याआधी तो प्रोग्रॅम विचारायचा. मी ते विचारणं काढून टाकलं होतं. कंटाळा आला म्हणून. ते असतं तर तुमच्या डिस्कचं नाव पडद्यावर आलं असतं."

त्यांनी थोडा विचार केला. मला वाटलं, आता वर्गात उभं करतील.

"मी ते वाचलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मी बटनच दाबलं असतं," ते म्हणाले. "पण तू ते काढाचं नव्हतं."

एवढंच. पण ते शेवटचं वाक्य मला त्यांच्या कुठल्याही छडीपेक्षा जास्त लागलं, आणि अजूनही काही पुसायचं असलं की मी थांबते.

ती सॉफ्टवेअर लायब्ररी बनवणाऱ्या मंडळींना मी एक लांबलचक, बऱ्यापैकी तिखट पत्र लिहिलं. माणसाने दिलेला आकडा बदलायचा असेल तर सांगा तरी, असं. दोन दिवसांत उत्तर आलं, अत्यंत सभ्य: ही बाब माहितीपुस्तिकेत नमूद केलेली आहे. मी जाऊन पाहिलं. होती. एका लांब परिच्छेदाच्या शेवटी, अर्ध्या वाक्यात.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा नवेगावला जाऊन उरलेले कम्प्युटर लावले. या वेळी प्रोग्रॅम डिस्कचा क्रमांक विचारायचा आणि तो हाताने टाइप केल्याशिवाय हलायचा नाही. चौदावा कम्प्युटर काही केल्या सुरूच झाला नाही, तो मामाजींनी फुलदाणी ठेवायला घेतला. रेकॉर्डिंगच्या आता तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक वाचनालयात, एक मामींच्या साड्यांच्या पेटीत. उतरवून घ्यायचं काम मात्र अजून माशांवरच अडलंय. परवा फोन आला होता.

"आयकून आयकून लिवायचा कटाळा येते," मामाजी म्हणाले. "त्याले बी एखादी लायब्ररी असन न?"